चौथ्या विहिरीपुढचा दरवाजा

एखादी कृती सर्वांनी वाखाणली आहे, एवढ्यावरून तिच्यातील दोष वापरणाऱ्याने निमूटपणे सोसावेत काय, हा या लेखाचा प्रश्न आहे. कृती म्हणजे येथे संगणकावरचा एक खेळ, आणि वापरणारे म्हणजे मी शिकवतो त्या शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे शिक्षक शांतवन पगारे सर. प्रश्न खेळाचा आहे म्हणून तो हलका आहे असे वाचकांनी समजू नये. प्रारंभी मीही तसेच समजलो होतो.

सरांना संगणकापुढे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते उभे होते. संगमनेरात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस संगणकाचे वर्ग नुकतेच रुजत होते. सरांची जुनी विद्यार्थिनी वैशाली हिने बसस्थानकामागे असाच एक वर्ग काढला होता. तेथे चपला दाराबाहेर काढून आत जावे लागे, कारण धुळीने यंत्र बिघडते असा समज होता. सर अनवाणी, पांढऱ्या सदऱ्याची बटणे गळ्यापर्यंत लावून, हातातल्या वेताच्या छडीने पडद्यावरचा रस्ता दाखवत होते. समोर एकही विद्यार्थी नव्हता. नवा प्रदेश पडद्यावर आला की ते असे उठून उभे राहत, छडीने दिशा निश्चित करत, आलेख-कागदावर तेवढा तुकडा काढत आणि मगच बसून पुढची कळ दाबत.

मला पाहून ते म्हणाले, "गुंजाळ, या. आधी दिशा, मग नदी, मग गावं. हा क्रम मोडला की माणूस हरवतो. खेळात काय आणि वर्गात काय."

खेळाचे नाव 'सेव्हन वेल्स' असे होते. सर त्याला सात विहिरी म्हणत. ज्यांनी असे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. यात खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, गावोगाव हिंडतो, लोकांशी बोलतो आणि त्याने जे केले असेल त्याप्रमाणे कथा वळते. या खेळातला माणूस आटलेल्या सात विहिरी जिवंत करायला निघालेला असतो. संगणकाच्या मासिकांनी त्याची वारेमाप स्तुती केली होती, आणि ती रास्त होती. एका गावात ज्याला पाणी पाजले तो तीन गावे ओलांडल्यावर भेटून ओळख दाखवत असे. सर शब्दकोश मांडीवर घेऊन, अडलेला शब्द भिंगाखाली शोधत, प्रत्येक इंग्रजी संवाद वाचत. एकदा मला म्हणाले, "लिहिणाऱ्यानं माणसं पाहिलेली आहेत हो. टेबलावर बसून नाही लिहिलेलं हे."

सर हा खेळ का खेळत, हे फार थोड्यांना ठाऊक होते. त्यांना काचबिंदू झाला होता. नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एस.टी.ने मीच त्यांच्यासोबत जात असे. दृष्टी चहूबाजूंनी आवळत चालली होती. नळीतून पाहावे तसे दिसते, असे ते सांगत. डॉक्टरांनी वर्षांची भाषा केली नाही, महिन्यांची केली. सलग छापील पुस्तक त्यांच्या हातून आधीच सुटले होते. पवित्र शास्त्रातला अध्याय संध्याकाळी त्यांच्या पत्नी मार्थाबाई मोठ्याने वाचत. पण या खेळातली अक्षरे मोठी, काळ्यावर पांढरी आणि उजळ होती, ती त्यांना अजून लागत. परतीच्या गाडीत निम्मी वाट सरल्यावर ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "माझ्या डोळ्यांनी वाचलेली ही शेवटची गोष्ट असणार. ती पुरी झाली पाहिजे. बाकी काही मागणं नाही."

त्यानंतर त्यांच्या दिवसाचा आराखडाच ठरला. दुपारी बारा ते तीन वैशालीचा वर्ग रिकामा असे. त्या वेळात सर येत, डोळ्यांत थेंब घालत, पाच मिनिटे मिटून बसत आणि सुरू करत. आठ महिन्यांत एखादा दिवस चुकला असेल तर तो रविवारच्या उपासनेमुळे.

येथे सरांच्या एका चुकीची नोंद करणे आवश्यक आहे. ती चूक शिक्षकाचीच होती. खेळ जिथवर आला तिथवर जपून ठेवण्यासाठी यंत्रात दहा जागा होत्या. सर एकच वापरत. रोजची नोंद कालच्या नोंदीवर चढवत.

वैशालीने अनेकदा बजावले. "सर, धा जागा हायेत. येक बिघडली तर दुसरी कामाला येती. वापरा की."

"कच्च्या वह्या कितीही असोत," सर आपला आलेख-कागदांचा गठ्ठा दाखवून म्हणत, "पक्की वही एकच. दोन पक्क्या वह्या ठेवणारा मुलगा तपासणीला कुठली दाखवायची याचाच विचार करत बसतो."

पस्तीस वर्षे त्यांनी मुलांना हेच शिकवले होते. मलाही त्यात गैर दिसले नाही.

चौथ्या गावात एक म्हातारी होती. तिच्या दारावरून गेले की ती मूठभर मीठ मागे. सरांच्या पिशवीत मीठ होते, त्यांनी दिले. इतकी साधी ती गोष्ट होती. सरांचा स्वभावच तसा होता. शाळेत कोणाच्या पायात चप्पल नसली तर तो मुलगा बोलण्याआधी सरांनी ती आणलेली असे. पुढे त्याच गावाचा पाटील भेटला. म्हातारीला मीठ द्या, मग विहिरीपुढचा दरवाजा उघडेल, असे त्याने सांगायचे होते. पण मीठ आधीच दिलेले असल्यामुळे तो ते वाक्य बोललाच नाही. आणि ते वाक्य बोलले गेल्याशिवाय द्वारपाल जागचा हलेना. काम झालेले, पण सांगण्याआधी झालेले, म्हणून यंत्राच्या लेखी ते झालेच नाही.

हे सर्व आम्हांला नंतर कळले. त्या वेळी एवढेच दिसले की दरवाजा उघडत नाही. सर पंधरा दिवस त्या दरवाजापुढे थांबले. गावातल्या प्रत्येक माणसाशी पुन्हा पुन्हा बोलले आणि नकाशे तपासले. आपलेच काही राहिले असेल या खात्रीने सारे संवाद कोशातून नव्याने काढले. त्या पंधरवड्यात त्यांची उजव्या बाजूची दृष्टी आणखी गेली. चहाचा पेला उजवीकडे ठेवला तर तो त्यांना दिसेना.

शेवटी वैशालीने पुण्याला फोन करून जिथून खेळाची तबकडी आणली होती त्या दुकानदाराला विचारले. फोन ठेवून ती सरांकडे वळली. "सर, तुमचं काय चुकलं न्हाई. ह्यो बग हाय, म्हंजी खेळातलीच चूक. लई जनांना आलाय म्हनं. नव्यानं सुरू करायचं, म्हातारीला आधी मीठ द्यायचं न्हाई, म्हनला."

"मागचं सगळं?"

"मागचं काय कामाचं न्हाई सर. दुसरी नोंद असती तर..."

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे न सांगता मदत केली, एवढंच चुकलं."

त्या दुपारी आमच्यात जो वाद झाला तो मी शक्य तितक्या नेमकेपणाने देतो, कारण लेखाचा प्रश्न त्यातच आहे.

वैशालीचे मत असे की एवढा मोठा खेळ म्हटल्यावर दोष राहणारच. "हजार वाटा हायेत सर त्यात. करनाऱ्यानं कुठं कुठं बघावं? लहान खेळ घ्या, येक चूक सापडायची न्हाई. पन त्यात हायेच काय?"

मी तिच्या बाजूचा होतो. मी म्हणालो, "सर, पेपर शंभर गुणांचा धरा. पाच कापा. पंच्याण्णव उरतात. पंच्याण्णववाल्याला आपण नापास करतो का?"

सर म्हणाले, "गुंजाळ, मुलानं नकाशा काढला. पंच्याण्णव गावं जागच्या जागी. एकाच नदीवर पूल नाही तिथं पूल दाखवला. तुम्ही किती कापाल?"

"दोन."

"तुम्ही दोन कापा. पण तो नकाशा हातात घेऊन जो रात्रीच्या पुरात उतरला, त्याला विचारा किती कापायचे. आणि तो उतरला का? तर बाकीची पंच्याण्णव बरोबर निघाली होती म्हणून. वाईट नकाशावर कोणी भरवसा ठेवत नाही हो. हा खेळ भिकार असता तर मी पहिल्या आठवड्यात उठलो असतो, माझे आठ महिने वाचले असते."

वैशाली हळूच म्हणाली, "पन सर, सोसायचं न्हाई तर करायचं काय?"

"तेच तर," सर म्हणाले. "सोसावं की नाही, हे ज्याला पुढचं वर्ष आहे त्यानं ठरवावं. मला विचारू नका."

त्यांनी कंपनीला पत्र लिहिले. मजकूर त्यांचा, अक्षर माझे. पहिल्या पानावर केवळ स्तुती होती, माणसामाणसाचे नाव घेऊन. दुसऱ्या पानावर दोष कसा उद्भवतो त्याच्या क्रमवार पायऱ्या होत्या. शेवटी दुरुस्ती असल्यास त्वरित धाडावी अशी विनंती होती आणि खाली एक ओळ, 'माझी दृष्टी जात आहे.' ती ओळ मी सुचवली नव्हती, आणि सरांनी ती सांगताना मान वर केली नाही. दोन महिन्यांनी उत्तर आले. ते एक छापील कार्ड होते. खेळ विकत घेतल्याबद्दल आभार, आणि पुढच्या खेळाची जाहिरात.

तोवर आम्ही नव्याने सुरुवात केली होती. सकाळची शाळा सुटली की बाराला मी जाई. आता सर शेजारी बसत आणि कळा मी दाबत असे. आधी ते ठळक शब्द तरी वाचत, नंतर तेही लागेनात, म्हणून मी प्रत्येक ओळ मराठी करून वाची. नकाशे त्यांना पाठ होते. "डावीकडे पडकी चावडी, तिच्यामागून," असे ते डोळे मिटून सांगत आणि चावडी तिथेच असे. वैशालीने त्यांच्यासाठी उशी असलेली खुर्ची आणली. दहा जागांपैकी दहाही आम्ही भरल्या.

चौथ्या गावात म्हातारी आली. मी वाचले, "बाबा, मूठभर मीठ असलं तर दे." आणि विचारले, "'नाही' म्हणू ना, सर?"

ते खुर्चीत जरा मागे सरले. मग म्हणाले, "म्हणा." थोड्या वेळाने, "काय म्हणाली ती?"

"काही नाही. आत गेली."

पाटील भेटला. त्याने ते वाक्य उच्चारले. आम्ही परत जाऊन मीठ दिले. मग दरवाजापुढे आलो. द्वारपाल हलला नाही.

मी दुसऱ्या नोंदीवरून आलो, तिसऱ्यावरून आलो. मागे वैशाली येऊन उभी राहिली होती. तिने तोंडावर हात धरला. सर पडद्याच्या दिशेने पाहत होते, पण किंचित बाजूला, जिथे पडदा नव्हता. त्यांनी विचारले, "उघडतोय का?"

आणि मी वाचायला लागलो. पडद्यावर नसलेले वाचायला लागलो. दरवाजाच्या बिजागऱ्या करकरल्या असे वाचले. आत थंडावा होता असे वाचले. विहिरीच्या तळाशी चंद्रासारखे पाणी चमकले, असे तिसरे वाक्य मी वाचले.

सरांनी माझ्या हातावर हात ठेवला. "हे खेळ लिहिणाऱ्यांचं नाही. त्यांनी आजवर एकदासुद्धा चंद्रासारखं म्हटलेलं नाही. हे तुमचं आहे." मग शाळेत पस्तीस वर्षे जी भाषा त्यांनी दाराबाहेर ठेवली होती, त्या राहात्याकडच्या त्यांच्या गावच्या भाषेत ते म्हणाले, "उघडलं न्हाई ना?"

"नाही, सर."

"मग तसं वाचा."

मी वाचले, "दरवाजा बंद आहे." त्यांनी मान हलवली. चपला त्यांना सापडेनात, वैशालीने खाली बसून त्यांच्या पायांत घातल्या. दारात ते मला म्हणाले, "गुंजाळ, तुम्ही आत्ता त्यांची चूक झाकलीत. मला बरं वाटावं म्हणून. सगळे असंच करत आलेत, म्हणून कोणी दुरुस्त करत नाही." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते.

ते पुन्हा आले नाहीत. दिवाळीनंतर मुलगी त्यांना आणि मार्थाबाईंना श्रीरामपूरला घेऊन गेली. मी दोनदा भेटलो. दोन्ही वेळी त्यांनी शाळेचे विचारले, खेळाचे नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते वारले. मातीला मी आणि वैशाली दोघेही गेलो होतो.

त्यानंतर मी एकट्याने तो खेळ तीनदा चौथ्या गावापर्यंत नेला. क्रम प्रत्येक वेळी तोच ठेवला. दोनदा दरवाजा उघडला नाही. एकदा उघडला, का ते मला सांगता येत नाही. मी आत गेलो आणि शेवटपर्यंत वाचले. शेवट उत्तम आहे. तो त्यांनीच वाचायला हवा होता, आणि त्यात चंद्राचा उल्लेख नाही.

प्रश्नाचे उत्तर मी माझ्यापुरते काढले आहे. सोसणे हा खेळणाऱ्याचा गुण असेल, पण करणाऱ्याने त्यावर विसंबू नये, आणि आपल्याला आवडते म्हणून आपण दुसऱ्याच्या वतीने सोसू नये. परंतु या बाबतीत माझी साक्ष पुरेशी धरता येणार नाही. ज्याला पडद्यावर काय आहे ते पाहून वाचायचे होते त्यानेच एकदा खोटे वाचले आहे. म्हणून ज्यांच्याकडे असा एखादा नावाजलेला खेळ असेल त्यांना माझी विनंती आहे. तो शेवटपर्यंत खेळा, जिथे अडेल तिथे काय केले होते ते क्रमाने लिहा, आणि मी म्हणतो ते खरे आहे की नाही हे स्वतः तपासून पाहा.