सोळा जणांची एक वही

ऑफिसात सगळे तिला ‘मोजणीबाई’ म्हणायचे. नेटवर्क कार्डावर येणारं माहितीचं प्रत्येक पॅकेट उचलून पुढे देणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, आठ वर्षं तिच्या हातात होता. आलेलं, गेलेलं, गळलेलं, सगळ्याची मोजणी ठेवणारे काउंटर तिनेच बसवलेले. आकडे बघून ती बिघाड बसल्या जागी सांगायची.

टीमचा प्रमुख तिचा दीर. त्याला तिथे चिकटवलं तिनेच. सोळा कोअरचं, म्हणजे एकाच वेळी सोळा कामं चालवणारं, मशीन आलं तेव्हा ती म्हणाली, "सगळे कोअर एकाच काउंटरवर लिहायला धावतील. एका वहीसाठी सोळा जणांची झोंबाझोंबी. प्रत्येकाला आपापली वही देऊ, बेरीज कुणी विचारेल तेव्हाच करू. दोन आठवडे लागतील."

"एवढा वेळ नाही, वहिनी. आहे तसं जाऊ दे. काही झालं तर मी आहे ना."

ती विसंबली. घरच्या माणसाकडून लेखी कोण घेतं?

व्हायचं तेच झालं. वेग कमी म्हणून गिऱ्हाइकाने तक्रार केली. मीटिंगमध्ये दिराने पडद्यावर आलेख लावला: काउंटर काढले की वेग दीडपट. "मॅडमचा जुना कोड आहे," तो म्हणाला. मॅडम! आदल्याच रविवारी तिच्या हातचं जेवून गेलेला माणूस. केसाने गळा कापणं म्हणतात ते याला. ड्रायव्हर तिच्याकडून काढून त्याच्याकडे गेला. नवऱ्याला तिने काही सांगितलं नाही. भावाभावांत वितुष्ट नको.

दिराने सगळे काउंटर उपटून टाकले. सुक्याबरोबर ओलंही गेलं. पंधरा दिवसांनी गिऱ्हाइकाकडे पॅकेटं गळू लागली, तेव्हा तो हळूच तिच्या टेबलाशी आला.

"वहिनी, किती गळतात, कुठे गळतात, ते कसं बघायचं?"

"बघता येणार नाही. तू मोजणंच काढलंस."

"ते सोळा वह्यांचं तू लिहिलं होतंस ना?"

लिहिलं होतं. त्याची मान कधी अडकू नये म्हणून सुट्टीच्या दिवशी बसून तपासूनही ठेवलं होतं.

"मीटिंगमध्ये माग," ती म्हणाली. "आणि तेव्हा नको कोण म्हणालं, तेही तिथेच सांग."

"ते नाही जमणार," म्हणून तो निघून गेला.

त्या संध्याकाळी तिला राहवेना. तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भाजी निवडत होता. त्याने मान वर केली नाही.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मीटिंगच्या आधी त्याने विचारलं होतं, वहिनी रागावेल का. मी म्हटलं, सांभाळून घेईल ती."