कापलेले पाय

पोलंडमधल्या तार्नूवच्या बोग्नाबाईंनी टीव्ही दुरुस्त करण्यात एकतीस वर्षं घालवली. निवृत्तीनंतर त्या जुन्या कॉम्प्युटरवाल्यांच्या मंडळात रमल्या. चाळीस वर्षांपूर्वीची यंत्रं जिवापाड जपणारी ही मंडळी. बाईंनीच त्यांना सुचवलं, "कॉम्प्युटरचे बोर्ड माझ्याकडे पाठवा. त्यांवरची जुनी प्रोसेसर चिप काढून दुप्पट वेगाची बसवते. विकणारा सुटे देत नाही, तेव्हा सगळ्यांनी मिळून मागवू."

मागवलेल्या नव्या चिपा आल्या आणि अकरा बोर्डही आले. अल्बिनने फोन करून बजावलं, "जपून हं बाई. तेच माझे डोळे आहेत." अल्बिन पियानो सुरात लावायचा. जन्मापासून आंधळा. त्याचा कॉम्प्युटर त्याला पत्रं वाचून दाखवी. तो प्रोग्रॅम त्याने स्वतः लिहिलेला.

सोमवारी सकाळी बाई कामाला बसल्या. अख्खी चिप ओढून काढली तर बोर्डाची तांब्याची रेघ उखडते. म्हणून त्यांनी जुन्या चिपांचे धातूचे पाय कटरने कापले आणि उरलेले तुकडे एकेक करून उपसले. दुपारपर्यंत अकरा चिपा बशीत लुळ्या पडल्या होत्या.

मग नवी चिप पुसायला त्यांनी स्पिरिटचा बोळा फिरवला. वरची अक्षरं बोळ्यालाच लागली. खाली दुसराच आकडा निघाला. बसवून पाहिली, पडदा काळाच. दुसरी, तिसरी... तेच.

"बोग्ना, सूप निवतंय गं!" नवरा, फेलिक्स, ओरडला.

"अहो, या चिपा खोट्या आहेत."

"मग जुन्याच लाव परत."

"त्यांचे पाय कापलेत मी."

फेलिक्सने चमचा खाली ठेवला. "सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे."

तीन दिवस फोन वाजला तरी बाईंनी उचलला नाही. बोर्ड टपालात हरवले म्हणून सांगावं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

चौथ्या दिवशी दारात अल्बिन उभा. "फोन उचलत नाही तुम्ही. म्हटलं, एक तर बाई गेल्या, नाहीतर माझा बोर्ड गेला."

बाईंनी सगळं सांगितलं. त्याने बोर्डावर बोटं फिरवली, रिकाम्या भोकांपाशी ती थांबली. बाईंना वाटलं, आता हा आपल्याला कधीच माफ करणार नाही.

"आधी एक लावून बघायची अक्कल नव्हती का हो?" तो म्हणाला. "बाकीच्यांना सांगितलंत?"

"धीर होत नाही रे."

"लावा फोन. मी बसतो इथेच."

बाईंनी दहा फोन लावले. एकाने वाटेल ते सुनावलं. एकाने फोनच आपटला. सातवा मात्र थांबून म्हणाला, "आमच्या बंद कापडगिरणीतल्या यंत्रमागांच्या कंट्रोलच्या पेट्या भंगारात निघाल्यात. त्यांच्यात हीच जुनी चिप असायची. विचारून ठेवतो."

पेट्यांमधून चौदा चिपा निघाल्या. या वेळी बाईंनी प्रत्येक चिप आधी तपासली, मगच बसवली. बारा चालल्या. वेग मात्र होता तेवढाच राहिला. फोन आपटणारा आपला बोर्ड घेऊन गेला, तो पुन्हा मंडळात फिरकला नाही.

अल्बिनचा बोर्ड बाई स्वतः घेऊन गेल्या. त्याने बटण दाबलं. काहीच झालं नाही. बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

मग खरखर झाली आणि यंत्र घोगऱ्या आवाजात बोललं, "तयार."

बाई त्याच खुर्चीत बसल्या. "अल्बिन, पाणी दे रे," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.