भिवापूर रस्त्यावरची चारचाकी फटफटी

उमरेडच्या पुढे भिवापूरकडे निघालात की हल्ली रस्त्यालगत रिसॉर्टं लागतात. तिथे शहरातली पोरं हेल्मेट चढवून चारचाकी मोटरसायकली मातीत घुमवत असतात. खुशाल घुमवा, माझा राग तुमच्यावर नाही. पण "काका, तुम्ही कधी बसलात का हो?" असं या ब्लॉगवर पुन्हा एकदा कोणीतरी विचारलंय, तर सांगूनच टाकतो. बसलोय. ऐंशीच्या दशकात, त्याच रस्त्यावर. आणि अजून त्या आवाजाने माझं डोकं फिरतं.

तेव्हा मी कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीला होतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या, मी तेवढा कोळशाच्या राखेत जाऊन पडलो. थोरली बहीण सुमनताई आणि तिचे यजमान नामदेव भाऊजी भिवापूरच्या अलीकडे एका मेंढीफार्मवर राहत. फार्म नागपूरच्या इतवारीतल्या एका व्यापाऱ्याचं. पगार बेताचा, पण मालकाच्या कळपात आपल्या स्वतःच्या थोड्या मेंढ्या ठेवायची मुभा. आमच्याकडची ही जुनीच रीत. भाऊजींच्या मेंढ्यांच्या पाठीवर गेरूचा पट्टा असे. तेवढंच त्यांचं धन.

हिवाळ्यात गावाकडून निरोप आला की भाऊजींना मालकाने परदेशी गाडी दिली त्याला दोन-तीन महिने झाले, पाहायला या. मी रजा टाकली.

कोराडीहून नागपूर, नागपूरहून एसटीने उमरेड आणि पुढे. माझ्या खिडकीला काचच नव्हती. कंडक्टरला सांगितलं तर म्हणतो, "हवा खा नं साहेब, तिकिटात हाय." सगळी बस हसली, मी सोडून. उमरेडला आलूबोंडा आणि आलं घातलेला चहा घेतला तेव्हा कुठे कान जागेवर आले. आज जाणार असाल तर रस्ता गुळगुळीत झालाय. पण उमरेडला थांबाच, पुढे धड काही मिळत नाही.

फार्मच्या फाटकाशी भाऊजी गाडीवर बसूनच वाट पाहत होते. जाडजूड चार चाकं, पुढेमागे लोखंडी जाळ्या, लाल रंग. मालकाच्या मेहुण्याने ती परदेशातून पाठवली होती. गावात तिचं नाव चारचाकी फटफटी.

"बस गा दिवाकर, मांगं बस," भाऊजी म्हणाले. "पडशीन नाई."

खोटं कशाला बोलू, मजा आली. गाडी कामाचीही होती. हिवाळ्यात रानातलं गवत वाळून जातं, मग सकाळी कुटार म्हणजे भुसा आणि सरकीची ढेप शेतात नेऊन टाकावी लागते. पूर्वी ते सगळं डोक्यावरून जायचं. आता भाऊजी एका खेपेत नेत आणि येताना रात्री जन्मलेली कोकरं टोपलीत घालून ताईकडे आणत. इंजिन सुरू झालं रे झालं की अख्खा कळप कान टवकारून मागे धावे.

"हाक नाही मारत का आता?" मी विचारलं. भाऊजींची हाक आमच्या नात्यात प्रसिद्ध होती. छातीतून निघालेली लांबलचक "ह्योऽऽ", आणि पार टेकडीपलीकडच्या मेंढ्या माना वर करत.

भाऊजी टोपलीतली कोकरं उतरवू लागले. ताईच म्हणाली, "मालकानं बंद केली. शहरातले पाव्हणे येतेत नं त्याचे. त्याईच्या समोर असं वरडनं बरं नाई दिसत म्हनते."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"त्याचं शेत, त्याचा कळप," भाऊजी म्हणाले. "मले तं बरंच हाय. गळ्याले आराम."

त्या दिवशी ताईने सोलेभात केला होता. तुरीचे हिरवे दाणे, वर जवसाचं तेल आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा. इतका चांगला भात पुढे असूनही माझं लक्ष लागेना. हाक मारू नको म्हणणारा हा कोण टिकोजी?

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आला, सोबत पाहुणे. त्यांना चक्कर मारायची होती म्हणून गाडी त्यांच्या ताब्यात गेली. कळप रस्त्याकडेच्या शेतात होता आणि ढेपेची वेळ टळत चालली होती. तेवढ्यात भिवापूरकडून मिरचीचा ट्रक आला. लांबून त्याचा आवाज ऐकताच मेंढ्यांनी माना वळवल्या आणि निघाल्या की रस्त्याकडे! त्यांच्या लेखी इंजिन म्हणजे ढेप.

भाऊजी धावले. बंदी विसरून त्यांनी हाक मारली. एकदा, दोनदा, गळा फाटेस्तोवर. एकाही मेंढीने मागे पाहिलं नाही. ट्रकवाल्याने जीव खाऊन ब्रेक दाबला, त्याची काही चूक नव्हती. तरी चार मेंढ्या गेल्या. त्यातली एक गाभण होती, तिच्या पाठीवर गेरूचा पट्टा होता. ताई तिच्यापाशी मातीत बसून राहिली.

मालक गाडी घेऊन आला तो तावातच. "नामदेव, हे काय? तुझ्या हाकेला मेंढ्या येत नाहीत?"

"तुमीच तं म्हनलं होतं, हाक नको मारू."

"मी पाहुण्यांसमोर म्हणालो होतो. कायमची बंद कर असं म्हणालो का? हाकेला कळप येत नाही, तर तुला ठेवायचं कशाला? तुझी जनावरं वेगळी काढ आणि जा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "शेठ, सवय तुम्ही मोडलीत, आणि आता त्यालाच हाकलता?" त्यावर तो माणूस शांतपणे मला म्हणतो, "तुम्ही पाहुणे आहात, चहा घ्या." इतक्या वर्षांनीही तो चहा आठवला की हात शिवशिवतात. मी कपाला हात लावला नाही.

ताईने भांडीकुंडी बांधली. गेरूच्या पट्ट्याच्या मेंढ्या आम्ही एकेक धरून मेंढवाड्याबाहेर काढल्या. भाऊजी पुढे चालू लागले आणि त्यांनी हाक दिली. मेंढ्या हलल्या नाहीत. तोंडं त्या लाल गाडीकडे. आम्ही मागून हाकललं तर पांगून पुन्हा फाटकाशी. मालक आणि पाहुणे ओसरीवरून बघत होते.

शेवटी ताई हळूच म्हणाली, "अवो, तोंडानं काढा नं आवाज. गाडीचा."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, मग ओसरीकडे. मान खाली घातली, ओठ आवळले आणि फुर्रर्र केलं. ढर्र ढर्र ढर्र. पांढऱ्या मिशांचा माणूस लहान पोरासारखा गाडी गाडी करत रस्त्याने चालला, आणि त्याच्या स्वतःच्या मेंढ्या मुकाट त्याच्या मागे निघाल्या. ओसरीवर हशा पिकला. मी मागे वळलो होतो, ताईने माझा दंड धरला. "चाल गा. आपली जनावरं तं येऊन राह्यली."

त्यांच्या गावापर्यंत भाऊजी तो आवाज काढत होते. ओठ सुजले. मी शेवटची बस पकडून कोराडीला परतलो. बायकोने हौसेने विचारलं, "कशी वाजते हो ती गाडी?" मी न जेवता आडवा झालो.

आता तुम्ही विचाराल, तिथे जावं का? जा, भात खा, ठेचा आणा, गाडीवर बसा. भाऊजींनी त्या मेंढ्या पुन्हा हाकेवर आणल्या, पावसाळ्याच्या आत. हाक तीच, तशीच लांब. पण ताई सांगायची, मरेपर्यंत त्यांची एक खोड गेली नाही. हाक मारायच्या आधी ते थांबून चारी बाजूंना बघत, कोणी ऐकत तर नाही ना. आपल्याच रानात, आपल्याच मेंढ्यांना हाक मारायला.