प्रबंध चाळणारे काका

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी सगळं सोडून द्यायच्या बेतात होते. कोथरूडच्या सोसायट्यांत घरकाम करणाऱ्या बायकांवर माझं संशोधन, पण त्याबद्दल बोलायला कोणी नव्हतं.

झेरॉक्सच्या दुकानातले काका बाइंडिंगला आलेलं प्रत्येक काम चष्मा कपाळावर सरकवून चाळायचे. कोणी सांगितलं नव्हतं. एकदा माझं प्रकरण चाळताना ते थांबले आणि स्वतःचा प्रबंध घेऊन बाकावर बसलेल्या मुलीला म्हणाले, "अहो, तुमच्या वारज्याहून बसने निघालेल्या बायका ह्यांच्या प्रबंधात उतरतात की! एका शहरात राहून दोघी तीन वर्षं तेच लिहिताय, आणि ओळख माझ्या दुकानात?"

आमचा पहिला लेख आम्ही दोघींनी मिळून लिहिला. तिच्यामुळे मला ह्याच विषयावर काम करणारी आणखी चौघं भेटली. सेमिनारांतल्या चहापानांनी इतकं कधी दिलं नव्हतं.

प्रबंध पुरा झाल्यावर आभारात घालायला मी काकांचं नाव विचारलं. पानांचा गठ्ठा टेबलावर ठोकून सारखा करत ते म्हणाले, "नाव राहू द्या. त्या बाकावरच्या बाई कचरावेचकांवर लिहितायत. दोन महिने एकट्याच येतात. जरा बोला त्यांच्याशी."