अर्धवट राहिलेला बॅकअप

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर उंद्रीच्या डेअरीत बसून बॅकअप संपायची वाट पाहिली. सुमन, माझी बायको, तिथं कॉम्प्युटरवर दुधाच्या नोंदी करायची. ती मॅट्रिक, मी चौथी नापास. आजूबाजूच्या गावांच्या नोंदी टेबलाखालच्या सर्व्हरमध्ये जमा व्हायच्या. संध्याकाळचं दूध आटोपलं की ती सर्व्हरवरचं काम बंद करायची आणि सगळ्या फाइली दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवायची. तोच बॅकअप. त्या दिवशी फाइली उतरत असताना एक गडी उशिरा डबा घेऊन आला. "काकू, एवढं घ्या ना. करा चालू." मीही म्हटलं, "घे व, एका डब्यानं काय होते?"

"डबा काट्यावर असताना वरून दूध ओतत राह्यले, तं वजन कोणतं लिहू?" ती म्हणाली. "चालू ठेवून उतरवलं तं अर्धं आधीचं येते, अर्धं नंतरचं. मंग ते उघडतच नाई."

गडी माझ्याकडं वळला. "काका, घरी तरी चालते का तुमचं?"

"घरी तं तुही काकू मलेच बंद करून ठेवते."

ती खळखळून हसली... तेवढ्यात लाइट गेली, इन्व्हर्टरनंही मान टाकली. बॅकअप अर्ध्यावर राहिला. "राहू द्या. सकाळी चालू करायच्या आधी पयले हे पुरं करू," असं म्हणून तिनं कुलूप लावलं.

त्याच रात्री ती झोपेतच गेली.

सकाळी अंगण माणसांनी भरलं. मुलगी दुसरबीडहून निघाली होती, तिच्यासाठी थांबलो होतो. मी सुमनच्या उशाशी बसलेलो. कोणीतरी हळूच बोललं, लाइट आलीय, लोकांचं दूध खोळंबलंय, डेअरीचे सचिव सर्व्हरवरचं काम चालू करायला गेलेत. आणि मी उठलो... का उठलो, हे इतक्या आठवड्यांनीही मला धड सांगता येत नाही. कालच्या नोंदी तिच्या हातच्या शेवटच्या होत्या, एवढंच डोक्यात होतं. डेअरीत जाऊन सचिवांचा हात धरला. "थांबा. आधी बॅकअप." अर्धवट फाइली पुसल्या, रोज तिला करताना पाहिलं होतं तसं सगळं पुन्हा उतरवायला लावलं. बाहेर माणसं डबे घेऊन उभी होती.

साळा धावत आला. "भाऊजी, माही बहीण घरात पडून हाये, अन तुमी इथं खुर्चीवर? लाज वाटते का काही?"

"वाटते," मी म्हटलं. "पण होऊ दे एवढं."

पडद्यावरची हिरवी पट्टी पुरी भरेपर्यंत हललो नाही. आणि खरं सांगतो, तेवढा वेळ मला बरं वाटत होतं. जास्त लाज त्याचीच वाटते.

घरी आलो तर मुलगी पोचली होती, उशाशी माझ्या जागेवर बसली होती. रडून तिचा आवाज बसलेला. "बाबा, कुठं होते तुमी?"

साऱ्या गावासमोर मी म्हटलं, "लाकडं पाहाले गेलतो."