बुंदीचे अकरा सेकंद

आवाजाच्या बाबतीत मी सहसा चुकत नाही. डोळे मिटून सांगतो — दार सागवानी आहे की प्लायवूडचं, चालणाऱ्याच्या पायात चप्पल आहे की बूट. माहितीपटांचं ध्वनिसंयोजन हे माझं काम. वीसेक वर्षं करतोय आणि चांगलं करतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे ते कुणा अजाण माणसाच्या हातून घडलेलं नाही. आणि ते मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही.

माहितीपटाचं नाव सांगत नाही. दूरच्या देशातलं, युद्धात उद्ध्वस्त झालेलं एक गाव. धडधाकट माणसं निघून गेलेली. म्हातारी उरलीत आणि जनावरं. एक आजोबा बेवारस गाढवांना रोज पाणी पाजतात. एक बाई रिकाम्या गोठ्यात सकाळी सवयीने बादली घेऊन जाते, दारात थांबते, परत फिरते. आणि शेवटाकडे एक कुत्री — अर्ध्या पडलेल्या घराच्या गच्चीवर साखळीने बांधलेली. लांबवर स्फोट होतो आणि ती ओरडते. अकरा सेकंद. लोक तिथे रडतात. मी पाहिलंय, दर वेळी नेमके तिथेच.

तो आवाज तिचा नाही.

ते दृश्य कुणीतरी मोबाइलवर टिपलेलं होतं, वाऱ्याने त्याचा आवाज पार फाटून गेला होता. दिग्दर्शक केतकी, माझी जुनी मैत्रीण, म्हणाली, "तिथे काही नको घालूस. शांतताच राहू दे." मला पटलं नाही. मला आवाज हवा होता. तयार आवाजांच्या संग्रहात कुत्र्यांचं भुंकणं, विव्हळणं ढिगाने मिळतं. सगळं ऐकलं. एकही खरं वाटेना. आणि खरा आवाज कुठे मिळेल हे मला माहीत होतं — अगदी पक्कं माहीत होतं.

माझा स्टुडिओ तेव्हा पनवेलजवळच्या कोन गावात होता. पनवेलच्या फ्लॅटमध्ये रिक्षांचे हॉर्न थांबत नाहीत, म्हणून बाळारामदादांच्या घरामागची खोली मी भाड्याने घेतली होती. दादा आणि तारावहिनी, दोघंच. मुली लग्न होऊन उरणकडे. बुंदी त्यांची कुत्री; पिवळ्या अंगावर बारीक ठिपके, म्हणून बुंदी. दिवाळीचे चार दिवस वहिनी तिला मांडीत घेऊन आतल्या खोलीत बसायच्या, दोन्ही हातांनी तिचे कान झाकून. मी हे पाहिलं होतं. आलं का लक्षात? मी पाहिलं होतं.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी दादा-वहिनी एका हळदीला उरणला निघाले. त्याच सकाळी शेजारी वहिनींच्या जावेकडे, सुनंदावहिनींकडे, नवी गाडी आली म्हणून फटाक्यांची माळ लावली होती. बुंदी पलंगाखाली. वहिनींनी तिला बाहेर काढलं आणि माझ्या खोलीच्या दाराशी आणून सोडलं.

"भाऊजी, आमी सांजच्याला येतो. हिच्याकडं बगा हां. आता फटाके नाय वाजाचे, घाबराची नाय ती."

"जा तुम्ही निवांत," मी म्हणालो.

दिवाळीचे उरलेले सुतळी बॉम्ब माझ्या गाडीच्या डिकीत होते. विसरून राहिले होते? नाही. ठेवले होते.

दुपारी मी दोन माइक लावले, बुंदीला खोलीत घेतलं, दार ओढून घेतलं आणि खिडकीबाहेर पहिला बॉम्ब लावला. ती टेबलाखाली शिरली आणि थरथरत राहिली. गप्प. मला थरथर नको होती. थरथर रेकॉर्ड होत नाही. मग — इथे मला थांबावंसं वाटतंय, पण थांबणार नाही — मग मी तिला दोरीने खिडकीच्या गजाला बांधलं. लपता येऊ नये म्हणून. आणि बाहेर जाऊन आणखी दोन लावले, एकामागोमाग एक.

ती ओरडली. आत येऊन हेडफोन कानावर चढवला तेव्हाही ओरडतच होती. तुम्हाला वाटेल, मला कसंतरी झालं असेल. नाही. मला आनंद झाला. इतका स्वच्छ, इतका खरा आवाज मी उभ्या जन्मात पकडला नव्हता.

मग दोरी तुटली. तिने अंगानेच दार ढकललं आणि गेली. मी मागे धावलो का? आधी मी रेकॉर्डिंग नीट आलंय का ते पाहिलं. सेव्ह केलं. दुसरीकडे एक प्रत ठेवली. मग बाहेर आलो. रस्त्यावर कुणी नव्हतं.

संध्याकाळी वहिनींना सांगितलं, दार उघडं राहिलं आणि ती पळाली. तीन दिवस शोधत होतो आम्ही. दादांच्या मागे मोटरसायकलवर बसून मी कर्नाळ्यापर्यंत गेलो, टपरीटपरीवर विचारत, तिला हाका मारत. तिसऱ्या दिवशी हायवेच्या कडेला दादांना ती सापडली. गोणपाटात गुंडाळून आणली. घरामागे खड्डा खणला, त्यातला अर्धा मी खणला.

वहिनी तडक शेजारच्या अंगणात गेल्या. "तुझ्या गाडीपायी माझी पोर गेली गं!"

"आमी सकालचीच एक माल लावली," सुनंदावहिनी म्हणत होत्या. "नंतर एकबी नाय. देवाशप्पत नाय."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुमी होतात घरी. तुमी सांगा."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "दुपारीही आवाज आला होता, वहिनी."

वाक्य खरं होतं. नीट पारखून निवडलेलं होतं. त्या दिवसापासून दोघी जावांचं बोलणं बंद झालं. दोन घरांमधल्या दगडी गडग्याला एक फाटक होतं, वाटीभर कालवण इकडून तिकडे जायचं. दादांनी ते तारेने बांधून टाकलं.

माहितीपट पूर्ण झाला. ध्वनीसाठी त्याला पुरस्कार मिळाला, तो मी हसतमुखाने घेतला. पनवेलला खेळ झाला तेव्हा दादा-वहिनींना मी स्वतः बोलावलं. का बोलावलं? खरं सांगू? न बोलावणं विचित्र दिसलं असतं. वहिनी माझ्या शेजारच्या खुर्चीत. गाढवांना पाणी पाजणारे आजोबा पाहून म्हणाल्या, "चांगला मानूस हाय." मग गच्ची आली, ती कुत्री आली, आणि माझ्या मनगटावर वहिनींचा हात घट्ट बसला.

"भाऊजी... ही आपल्या बुंदीसारकी वरडते."

"सगळी कुत्री सारखीच ओरडतात, वहिनी."

त्यांनी मान हलवली. मानलं. आवाजातलं मलाच जास्त कळतं ना! मग पदराने डोळे पुसत पडद्यावरच्या त्या परक्या कुत्रीकडे बघत राहिल्या. "कुनी सोडवाचं बी नाय का तिला?" असं काहीतरी पुटपुटल्या. मी पुढचं दृश्य बघत होतो. त्यातल्या पावलांचे आवाज फार छान जमले होते.

युद्ध जनावरांचं काय करतं यावर मी नंतर कितीतरी ठिकाणी बोललो. विद्यार्थ्यांसमोर, चर्चासत्रांत. चांगलं बोलतो मी. मुक्या जिवाला आपली बाजू मांडता येत नाही, असं एक वाक्य माझ्या भाषणात असायचं. टाळ्या पडायच्या.

गेल्या वर्षी सुनंदावहिनी वारल्या. आजार लांबला होता. तारावहिनी शेवटपर्यंत भेटायला गेल्या नाहीत. दहाव्याच्या दिवशी मात्र त्या गडग्यापाशी उभ्या होत्या. पलीकडे माणसांची ये-जा चालली होती. मी पनवेलहून आलो होतो, शेजारी जाऊन उभा राहिलो. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"भाऊजी, येकच माल लावली आसंल का हो तिनी? देवाची शप्पत घेतलीवती."

मी म्हणालो, "आता जाऊ द्या, वहिनी."

एकच लावली होती. सकाळी. दुपारचे तीन बॉम्ब माझे होते.