खंडे नवमीला पूजलेली साइट

पिस्तुलाची साइट बदलायची की नाही, हे ठरवायला कॅप्टननी मला शुक्रवार-शनिवारची सुट्टी दिली होती. कॅप्टन म्हणजे दोह्यातल्या आमच्या युनिव्हर्सिटीच्या नेमबाजी संघाचे इजिप्शियन कोच. पूर्वी सैन्यात होते, म्हणून सगळे त्यांना कॅप्टनच म्हणतात. प्रॅक्टिस संपल्यावर त्यांनी माझ्या हातात प्लास्टिकची एक छोटी डबी दिली. आत काळ्या धातूचे दोन तुकडे होते.

एअर पिस्तुलाच्या पुढच्या टोकावर एक बारीक पट्टी उभी असते आणि मागे, डोळ्याच्या बाजूला, चौकोनी खाच. पट्टी खाचेच्या बरोबर मधोमध दिसली पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखा उजेड. या दोन्हींना मिळून साइट म्हणतात. समोरचं लक्ष्य धूसर दिसलं तरी चालतं, किंबहुना धूसरच दिसायला हवं. पण पट्टीची कड लख्ख हवी. माझी नेमकी ती कडच काही महिन्यांपासून मऊ पडली होती. आमच्या मन्सूरा भागातल्या चष्मेवाल्यानं वर्षात दोनदा नंबर बदलून दिला, तरी फरक नव्हता. माझे छर्रे कुठेही जात होते आणि संघाची निवड तोंडावर आली होती.

"नव्या साइटची खाच रुंद आहे, उजेड जास्त येतो," कॅप्टन म्हणाले. "काहींचा खेळ त्यानं उघडतो. काहींचा बिघडतो, कारण हाताची सवय मोडते. मी सांगणार नाही. रविवारी ये आणि तूच सांग."

मला कुणीतरी सांगायला हवं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. वर्गात प्रश्न विचारायचा तर मी इंग्रजी वाक्य आधी मनात दोनदा म्हणून बघते, आणि तोवर सर पुढच्या स्लाइडवर गेलेले असतात. रेंजवर बोलावं लागत नाही. तिथे सगळे गप्प उभे असतात आणि गप्प राहणं मला येतं. संघात जागा राहिली तर या युनिव्हर्सिटीत माझी म्हणून एक जागा आहे, असं मला वाटायचं. ती गेली तर काय उरेल, हे मी स्वतःला विचारत नव्हते.

गुरुवारी संध्याकाळी पप्पा कंपनीच्या बसनं रास लफानहून आले. ते तिथल्या गॅस प्लांटमध्ये व्हॉल्व्ह दुरुस्त करतात, आठवडाभर कॅम्पवर राहतात. दुसऱ्या दिवशी खंडे नवमी होती. आमच्याकडे या दिवशी हत्यारांची पूजा असते, पण दोह्यात आल्यापासून ती जरा लुटुपुटूचीच होते. पप्पांची खरी हत्यारं प्लांटच्या गेटबाहेर येत नाहीत, माझं पिस्तूल रेंजच्या कपाटाबाहेर येत नाही. मग पाटावर पप्पांचा घरातला स्क्रू-ड्रायव्हर, आईची नाशिकहून आणलेली विळी आणि माझा लॅपटॉप.

सकाळी मी अंघोळ करून आले, तर लॅपटॉपच्या शेजारी, लाल कापडावर, त्या डबीतले दोन्ही तुकडे मांडलेले. हळद, कुंकू, अक्षता आणि किराणावाल्याकडचं झेंडूचं एक फूल.

"आई, अगं हे काय केलंस?"

"का? बंदुकीचंच आहे ना? तूच काल पप्पांना दाखवत होतीस."

पप्पा वाकून बघत होते. "एवढासा तुकडा! यावर देवीनं बसायचं कुठं?"

"बसते बरोबर. तुमच्या स्क्रू-ड्रायव्हरवर बसते, तर लेकीच्या बंदुकीवर नाही बसणार?"

"मला ती बसवायची की नाही तेच ठरायचंय," मी म्हटलं. "कदाचित परत द्यावी लागेल."

आईचा हात घंटेवरच थांबला. "पूजलेली वस्तू परत देतात का कुठं? आता झालं ते झालं. लावून टाक."

पप्पा हसले. "खलास. मॅनेजमेंटचा डिसिजन आला."

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. दोन दिवस मी मन लावून अभ्यास केला.

रविवारी कॅप्टननी डबी उघडली आणि तुकडा दिव्याखाली धरला. "हे लाल काय आहे?"

मी अडखळत सांगितलं की आमच्याकडे असं करतात, आईनं केलं. खाचेच्या कोपऱ्यात कुंकू बसलं होतं. त्यांनी फुंकर मारली, ते निघालं नाही. "माशाल्ला," ते म्हणाले. "म्हणजे आईनंच ठरवलं. यल्ला, चल." आणि त्यांनी साइट बसवली.

मी पिस्तूल उचललं. खाचेत खरंच भरपूर उजेड होता. त्या उजेडात दोन पट्ट्या होत्या. एक काळी, आणि तिला टेकून उभी असावी तशी दुसरी, राखाडी.

"कॅप्टन, ही सैल बसली आहे. हलते आहे."

त्यांनी पिस्तूल घेतलं, नेम धरला. छर्रा लक्ष्याच्या काळ्या गोलात मधोमध गेला. "साइट ठीक आहे," ते म्हणाले. "पुन्हा बघ. पट्ट्या किती?"

"दोन."

"आणि जुन्या साइटमधून?"

"एकच. फक्त धूसर."

मग मलाच कळलं. जुनी खाच अरुंद होती. तिच्यात दुसऱ्या पट्टीला दिसायला जागाच नव्हती. ती पहिलीवरच चढून बसायची आणि मी तिला धूसरपणा म्हणायचे.

कॅप्टननी मला डोळे तपासायला पाठवलं. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी उजव्या डोळ्याचा रंगीत नकाशा स्क्रीनवर दाखवला. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो आहे. उपचारानं तो कदाचित तिथेच थांबेल, झालेलं मात्र मागे फिरणार नाही. लेन्स लावून वाचता येईल. नेमबाजीचं मी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यावर आशा ठेवू नकोस." डाव्या डोळ्यानं शिकू का, असंही मी विचारलं. त्यांनी दुसरा नकाशा उघडला. तोही त्याच रंगांचा होता.

कॅप्टननी जुनी साइट पुन्हा चढवली, कारण ते पिस्तूल आता दुसऱ्या मुलीला द्यायचं होतं. नवी त्यांनी डबीत घालून मला दिली. "तुझ्या देवाची आहे. मी कपाटात कशी ठेवू?"

आईनं ती देव्हाऱ्यात ठेवली. हे सगळं ऐकल्यापासून ती माझ्याशी फारसं बोललेली नाही. बहुतेक तिला वाटतं, पूजेतच काही चुकलं.

त्या आठवड्यात पप्पा आले आणि बूट काढून सरळ देव्हाऱ्याशी गेले. खाचेचा तुकडा चिमटीत धरून त्यांनी खिडकीच्या उजेडात डोळ्याला लावला. माणूस यंत्रांमध्ये राहणारा. मी फोनवर सांगितलेलं त्यांना सगळं समजलं होतं, हे मला माहीत होतं. तरी तुकडा खाली न करता ते म्हणाले,

"मग जुनीच परत लावू ना बेटा. तिच्यात एकच दिसायची ना?"

"हो पप्पा," मी म्हटलं. "तिच्यात एकच दिसायची."